लेबलवर ४२ लिहिलंय, पण कुणासाठी?

जुन्या लेदर जॅकेटबद्दल बोला, असं बरेच जण लिहीत होते. सगळ्या जगातल्या जॅकेटांवर एका बैठकीत बोलणं काही जमायचं नाही. म्हणून आज एकच जॅकेट घेऊ. इंदूरच्या एका श्रोत्याने अमेरिकेतल्या एका विक्रेत्याची जाहिरात पाठवली आहे, सोबत सहा फोटो. काळं, तिरक्या चेनचं, रुंद कॉलरचं, कमरेला पट्टा आणि बक्कल असलेलं जॅकेट. ज्याला सगळे 'ब्रँडो जॅकेट' म्हणतात ते. जाहिरातीत लिहिलंय: १९५०च्या दशकातलं अस्सल, साईझ ४२. या गृहस्थांची छाती ४०. त्यांचं म्हणणं असं, की ४२ म्हणजे दोन इंच मोकळीक, आत टी-शर्ट घालून बुलेटवर मस्त बसेल. घेऊ का?

किंमत मी सांगत नाही, पण साठवलेले पैसे आहेत आणि विक्रेता माल परत घेत नाही. शिवाय हे जॅकेट कपाटात ठेवायला नकोय, महामार्गावर घालायचंय. म्हणजे प्रश्न तीन झाले. ते खरंच पन्नासच्या दशकातलं आहे का? अंगाला येईल का? आणि घालून गाडी चालवावी का?

आधी हा आकार कुठून आला ते थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली अर्विंग आणि जॅक या शॉट बंधूंनी रेनकोट शिवायला सुरुवात केली. १९२८ साली अर्विंग शॉटने मोटारसायकलवाल्यांसाठी चेन लावलेलं जॅकेट काढलं. लाँग आयलंडवरच्या हार्ले-डेव्हिडसनच्या एका विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळायचं. नाव ठेवलं पर्फेक्टो, आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून! त्या काळी कपड्याला चेन लावणं हीच नवलाई होती, लोक बटणांवर भागवत होते.

त्यातली एकेक गोष्ट मोटारसायकलवर बसूनच कळते. चेन तिरकी का? पुढचे दोन पल्ले एकमेकांवर चढतात, म्हणून वारा थेट छातीत शिरत नाही, आणि टाकीवर वाकलात की चेन पोटात रुतत नाही. कॉलरची टोकं टिचबटणांनी खाली दाबलेली का? नाहीतर ती वाऱ्याने तोंडावर फडफडतील. बाहीला चेन का? मनगटाशी बाही घट्ट करून हातमोजा वर ओढता यावा म्हणून. पाठीला खांद्यामागे दोन उभ्या घड्या असतात, हात हँडलकडे नेले की त्या उघडतात. या घड्या लक्षात ठेवा, पुढे हिशेबात येणार आहेत.

१९५३च्या डिसेंबरमध्ये मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' आला आणि या जॅकेटला बदनामी मिळाली, म्हणजे प्रसिद्धी मिळाली. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने तर तो चित्रपट साठचं दशक संपत येईपर्यंत अडवून धरला. पण जुन्या जॅकेटच्या बाजाराच्या दृष्टीने दुसरं वर्ष जास्त महत्त्वाचं आहे, १९७६. रमोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम त्या वर्षी आला, मुखपृष्ठावर चौघेही लेदर जॅकेटात. त्यानंतर पंकवाल्यांनी, रॉकवाल्यांनी आणि मग फॅशनवाल्यांनी ही जॅकेटं ढिगाने घेतली. आज बाजारात '१९५०' म्हणून फिरणारी कितीतरी जॅकेटं या दुसऱ्या लाटेतली असतात. दिसायला तशीच, कारण कापच बदलला नव्हता. म्हणून नुसता काप बघून साल सांगणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही.

मग साल कशावरून काढायचं?

लोक पहिल्यांदा बघतात चेन. आपल्या जाहिरातीत विक्रेत्याने मोठ्या अक्षरात लिहिलंय: टॅलन चेन, म्हणजे पन्नासचं दशक. खिशांच्या चेनवर टॅलन कोरलेलं आहे हे खरं. पण पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलची ही कंपनी आधी हुकलेस फास्टनर नावाने ओळखली जायची. १९३७ साली तिने टॅलन हे आपल्याच चेनचं नाव कंपनीला घेतलं आणि पुढे कित्येक दशकं त्या नावाने चेन विकल्या. चेनवर 'हुकलेस' असेल तर ती तिशीतली किंवा त्याआधीची समजा. नुसतं 'टॅलन' असेल तर ते पन्नासमधलंही असू शकतं आणि सत्तरमधलंही. वाहनाच्या नंबरप्लेटवर एमएच बघून गाव सांगण्यातला प्रकार आहे हा.

आता तिसऱ्या फोटोत पुढची मोठी चेन बघा. तिच्यावर आहे वायकेके. ही जपानी कंपनी १९३४ साली सुरू झाली, अमेरिकेतल्या जॉर्जियात मेकन इथे तिचा कारखाना १९७४ साली उभा राहिला. अमेरिकी कपड्यांमधून टॅलनला तिने मागे सारलं ते साधारण याच काळात. मग जॅकेट १९७४ नंतरचं का? तसंही नाही. पुढची चेन ही या जॅकेटातली सगळ्यात आधी मोडणारी वस्तू. फोटो मोठा करून बघितला तर चेनच्या कडेने टिपेची एक ओळ आहे आणि तिच्या शेजारी रिकाम्या भोकांची दुसरी ओळ. कापडात सुईचं भोक बुजतं, कातड्यात ते कायम राहतं. रिकामी भोकं दिसली की समजायचं, इथे आधी दुसरी चेन होती. बाह्यांच्या आणि खिशांच्या चेन सहसा कुणी बदलत नाही, म्हणून साक्ष त्यांची घ्यायची.

खरा माल लेबलात असतो. आणि इथे आपल्या लोकांना एक गोष्ट पटकन कळेल. जुन्या पत्रांवर 'मुंबई २८', 'पुणे ३०' असं लिहिलेलं आठवतं ना? तशीच पद्धत अमेरिकेत १९४३ पासून होती: 'न्यूयॉर्क ३'. पाच आकडी झिपकोड आला १ जुलै १९६३ला. आपला सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. म्हणजे लेबलवर पत्ता असेल आणि त्यात पाच आकडी झिपकोड असेल, तर ते लेबल १९६३च्या आधीचं असूच शकत नाही. गंमत बघा, झिपपेक्षा झिपकोड जास्त भरवशाचा! हीच युक्ती आपल्याकडच्या वस्तूंनाही लागू पडते. कानपूरच्या किंवा मद्रासच्या एखाद्या कारखान्याचं लेबल असेल आणि त्यावर सहा आकडी पिनकोड असेल, तर ती १९७२ नंतरची.

इंदूरकरांच्या जॅकेटच्या लेबलावर न्यूयॉर्कचा पत्ता आहे आणि पुढे पाच आकडे आहेत. पन्नासचं दशक इथेच संपलं. विक्रेता खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, त्याने टॅलन वाचलं आणि तिथेच थांबला.

आता वरची मर्यादा. आतल्या खिशात, अस्तराच्या कडेला एक छोटं छापील लेबल आहे, कामगार संघटनेचं. अमेरिकेत तयार कपड्यांमध्ये संघटनेचं लेबल शिवायची रीत होती. पुरुषांच्या कपड्यांत बहुतेक वेळा ॲमल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेचं. या लेबलच्या तळाशी बारीक अक्षरात साल असतं, आणि तिथे लोक हमखास घसरतात. ते साल जॅकेटचं नसतं, लेबलची नक्षी ज्या वर्षी नोंदवली त्या वर्षाचं असतं. १९४९ असेल तर साधारण १९४९ ते १९६२, १९६२ असेल तर तिथून पुढे. ही संघटना १९७६ साली कापड कामगारांच्या संघटनेत मिळाली आणि नाव बदललं. म्हणजे जुन्या नावाचं आणि तळाशी १९६२ असलेलं लेबल त्या बदलाच्या आगेमागे थांबतं. आपल्या फोटोत १९६२ स्पष्ट वाचता येतंय.

दोन्ही जोडा. झिपकोड म्हणतो १९६३ नंतर, संघटना म्हणते १९७६च्या आसपासपर्यंत. आपलं जॅकेट या तेरा-चौदा वर्षांतलं. याहून बारीक साल सांगणारा कुणी भेटला तर त्याला कशावरून ते विचारा.

लेबलांच्या बाबतीत आणखी दोन सापळे आहेत. अमेरिकी कपड्यांवर 'आरएन' आणि पुढे एक क्रमांक असतो. तो कंपनीच्या नोंदणीचा क्रमांक, कपड्याचा नाही. कंपनीने १९६० साली क्रमांक घेतला असेल तर १९८५ सालच्या जॅकेटवरही तोच असणार. दुसरा सापळा ब्रँडच्या नावाचा. डेट्रॉइटच्या जोसेफ ब्यूगलआयझेन कंपनीचं 'ब्युको' हे नाव जुन्या जॅकेटवाल्यांत फार मानाचं, त्यांचं जे-२४ मॉडेल विशेष. पण आज रिअल मॅककॉइज ही जपानी कंपनी ब्युको नावानेच जॅकेटं करते, आणि इतकी सुरेख करते की दहा वर्षं वापरलेलं जपानी जॅकेट साठ वर्षांचं भासावं. ते स्वस्त नसतं आणि वाईट तर नसतंच. फक्त ते १९५२चं नसतं.

कातड्याकडे वळतो. युद्धाआधी आणि युद्धानंतरची काही वर्षं अमेरिकेत उत्तम जॅकेट घोड्याच्या कातड्याचं असायचं, तेही घोड्याच्या पुढच्या भागाचं. लेबलवर तसं अभिमानाने लिहिलेलं असे. शेतात ट्रॅक्टर आले, घोडे कमी झाले, आणि हळूहळू बैलाच्या कातड्याने जागा घेतली. घोड्याचं कातडं दाट आणि चकचकीत, घडी पडते ती मोठी आणि लाटेसारखी. बैलाच्या कातड्यावर कण जाड दिसतो. फोटोवरून हे ओळखतो म्हणणारे पुष्कळ आहेत. हातात घेतल्याशिवाय मी तरी पैज लावणार नाही.

काही जुनी काळी जॅकेटं कोपरावर, कडांवर झिजून तपकिरी दिसतात. कातडं आतून तपकिरी आणि वरून फक्त काळा थर, म्हणून असं होतं. जपानी शौकीन यावर जीव टाकतात आणि आताचे कारखाने मुद्दाम तसं कातडं तयार करतात. तेव्हा तपकिरी झीज हा वयाचा दाखला धरू नका. कमावण्याच्या पद्धतीचा मात्र अंदाज घेता येतो. कोल्हापुरी चप्पल आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. त्याची कापलेली कड आरपार तांबूस असते. क्रोमने कमावलेल्या कातड्याची कड बहुधा निळसर करडी दिसते. सालीत कमावलेल्या जुन्या कातड्याला एक रोग होतो: पृष्ठभाग भुसभुशीत होऊन बोटाला तांबडी पूड लागते. ती लागली तर सौदा तिथेच सोडा. त्यावर औषध नाही.

आता साईझ. इथे पैसे बुडतात, कारण ४२ हा आकडा बघून माणूस निर्धास्त होतो.

लेबलवरचा ४२ म्हणजे जॅकेटचा घेर नव्हे. ज्याची छाती ४२ इंच त्याच्यासाठी, असा त्याचा अर्थ. युरोपी लेबल असेल तर त्यातून दहा वजा करा, ५० म्हणजे अमेरिकी ४०. पण हा अर्थ शिवणाऱ्याच्या मनातला. ज्याच्यासाठी शिवलं तो माणूस उंच कमरेची पँट घालत होता, म्हणून जॅकेटची उंची कमी. जॅकेट अंगाला चिकटून राहावं, वाऱ्याने फुगू नये अशी त्याची अपेक्षा होती. शिवाय साठ वर्षांत ते किती वेळा भिजलं आणि किती वेळा हीटरजवळ वाळलं, कोण जाणे. कातडं आटलं की परत येत नाही. तेव्हा लेबल विसरा आणि टेप घ्या.

जॅकेट सपाट पसरा, चेन पूर्ण लावा, पाठीच्या त्या दोन घड्या मिटवून ठेवा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, न ताणता. आपल्या विक्रेत्याने दिलंय साडेवीस इंच. दुप्पट केलं की ४१. इंदूरकर म्हणतात, माझी ४०, जॅकेट ४१, बसलं की!

नाही बसणार. हा ४१ बाहेरचा घेर आहे, आणि तुम्ही राहणार आत. कातडं साधारण १.३ मिलिमीटर, त्याखाली रजईसारखं शिवलेलं अस्तर, दोन्ही मिळून भिंत ५ मिलिमीटरची धरू. घेर भिंतीच्या जाडीच्या सव्वासहा पटीने कमी होतो. दोन पाय, शाळेतलं गणित. म्हणजे ३१ मिलिमीटर, सव्वा इंच. ४१ मधून सव्वा गेला, उरले पावणेचाळीस. छाती ४०. अजून श्वास घेतलेला नाही, शर्ट घातलेला नाही. आपला शिंपी कापडी शर्टाला जी मोकळीक देतो, ती कातड्यात अशी भिंतीतच जिरते. म्हणून माझा हिशेब असा: काखेपासून काखेपर्यंतचं माप दुप्पट करायचं आणि चार इंच वजा करायचे. उरेल ती छाती. या जॅकेटची छाती ३७. लेबल काहीही म्हणो.

दुसरं माप खांद्याचं, शिवणीपासून शिवणीपर्यंत. छातीत उन्नीस-बीस चालतं, खांद्यात नाही. खांदा उतरला तर जॅकेट दुसऱ्याचं वाटतं आणि अरुंद झाला तर हात पुढे जात नाहीत. तिसरं बाहीचं. आरशासमोर उभं राहून बाही बघू नका. हात हँडलवर ठेवलात की ती दीड-दोन इंच मागे सरकते. उभं असताना अंगठ्याच्या मुळापर्यंत आलेली बाही गाडीवर बरोबर मनगटाला येते. लंडनच्या लुइस लेदर्सचं ब्राँक्स, जे १९५६ साली आलं, तशी ब्रिटिश जॅकेटं घालून पोरं बुटक्या हँडलवर वाकून पळवायची. अमेरिकेत हँडल उंच, बसणं ताठ. तुमची गाडी कोणती आणि तुम्ही तिच्यावर कसे बसता, हे टेपच्या आधी ठरवा.

आणि मुंढा. जुन्या जॅकेटांचा मुंढा लहान आणि काखेत वर असतो. आजच्या ढगळ कपड्यांची सवय असलेल्याला पहिल्यांदा तो काचतो आणि तो म्हणतो, साईझ लहान आहे. पण मुंढा वर असला की हात उचलताना अख्खं जॅकेट वर येत नाही, पोट उघडं पडत नाही. मोठा मुंढा दुकानात आरामशीर वाटतो, रस्त्यावर नाही. विक्रेते मुंढ्याचं माप देत नाहीत. मागून घ्या.

'आमचा शिंपी करेल सैल', असं एकाने लिहिलं होतं. शर्टाच्या शिवणीत शिंपी माया ठेवतो, ती उसवून अर्धा-पाऊण इंच मिळतो. कातड्यात माया जवळजवळ नसते, असते ती चिकटवून ठोकून सपाट केलेली. उसवलंत तर जुनी भोकं बाहेर येतात, आणि ओळीने भोकं असलेलं कातडं टपाल तिकिटासारखं फाटतं. बाही आखूड करायची तर मनगटाची चेन काढून पुन्हा बसवावी लागते. अस्तर बदलणं, टिचबटण बसवणं, चेन बदलणं ही कामं मात्र खुशाल करा. मुंबईत धारावीत, चेन्नईत, कोलकात्यात ती करणारे चांगले कारागीर आहेत. आकार बदलायला लावू नका. ज्याला मापाचंच हवं त्याने मापाने शिवून घ्यावं. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या लँगलिट्झ लेदर्सने १९४७ पासून तेच केलं. तिचा संस्थापक रॉस लँगलिट्झ याने सतराव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात एक पाय गमावला होता आणि तरीही तो गाडी चालवत राहिला. गाडीवर बसलेल्या माणसाला काय लागतं हे त्याला दुकानात उभं राहून शिकावं लागलं नाही.

राहिला तिसरा प्रश्न, घालून चालवावी का. घसरलात तर कातडं घासायला वेळ देतं, हे खरं. पण जॅकेट कातड्यात फाटण्याआधी शिवणीत उसवतं. जुना सुती दोरा घामाने आणि दमटपणाने कुजतो, वरून काळा कुळकुळीत दिसतो आणि जोर पडला की तुटतो. म्हणून जॅकेट हातात आलं की खांद्याची आणि बाहीची शिवण दोन्ही हातांनी धरून बऱ्यापैकी जोराने ओढा. दोरा तडतडला तर ते जॅकेट चहाच्या टपरीपर्यंतचं. महामार्गासाठी युरोपातलं ईएन १७०९२ हे मानक आणि त्यातली एए किंवा एएए श्रेणी बघून नवं घ्या. त्यात कोपराला, खांद्याला आघात झेलणारे पॅड असतात. साठच्या दशकात ते नव्हते. शिवण पक्की निघाली तरी मी गावातल्या गावात घालीन, पुणे-बेंगळुरू रस्त्यावर नाही. हे माझं मत आहे, आणि त्यावर दर वेळी भांडण होतं, होऊ द्या.

आपल्या पावसात काय करायचं, तेही सांगतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. रुंद हँगरवर, हवेशीर ठेवा. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा आणि सावलीत वाळवा, उन्हात नाही. खोबरेल तेल चोपडू नका, डाग पडतात आणि खवट वास जात नाही.

तर इंदूरकरांना मी असं कळवलंय. जॅकेट १९६३ ते १९७६च्या आसपासचं, पुढची चेन नंतर बसवलेली. पन्नासच्या दशकाचा भाव देऊ नका. दिलेलं माप खरं असेल तर तुमच्या अंगात ते चेन लावून बसणार नाही. पण विक्रेत्याने चेन उघडी ठेवून किंवा जॅकेट चुरगळून मोजलं असण्याची शक्यता आहे, म्हणून माप पुन्हा मागा: चेन लावून, घड्या मिटवून, टेप दिसेल अशा फोटोसह. ते २२ आलं तर घेर ४४, भिंत वजा जाता पावणेत्रेचाळीस, आणि मग तुमच्या चाळिशीला खरोखर जागा आहे. २१ आलं तर सोडून द्या. खांदा, बाही आणि मुंढा यांचेही फोटो मागितलेत. शिवण ओढून बघा असंही लिहिलंय, पण विकणारा ते मन लावून करेल असं वाटत नाही.

काल रात्रीपर्यंत खांद्याचा आणि बाहीचा फोटो आला होता. मुंढ्याचा आणि छातीचा अजून यायचा आहे.